एक नग, वापरात

कुपवाडच्या एमआयडीसीत, पंपांचे भाग करणाऱ्या त्या शेडमध्ये
खंडेनवमीला लेथच्या शेजारी कॉम्प्युटरचीही पूजा झाली.
कीबोर्डच्या फटीत हळद गेली,
एंटरचं बटण तेव्हापासून जरा अडकूनच चालतं.
भूपाल आरवाडे म्हणाले, आता सगळं एका बोटावर.
मी मान डोलावली.
मान डोलावण्याचेच पैसे होते मला, पहिल्या हप्त्यात.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आलं:
पितळी बुश, शिल्लक, उणे चाळीस.
उणे चाळीस बुश दिसतात तरी कसे
हे बघायला सगळं स्टोअर माझ्या टेबलाभोवती.
कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.
बाबालाल मुजावर उठले, रॅकवरून खोकं काढलं,
माझ्यापुढं ठेवलं.
"मोज."
एकशे बारा.

तोच बुश खरेदीत ब्रास पंचवीस,
स्टोअरात पितळी,
आणि मशीनवरच्या पोरांच्या तोंडी मिरजवाला,
कारण पहिल्यांदा तो मिरजेच्या ज्या दुकानातून आला
ते दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली.
मी तिन्ही नावांची तीन खाती उघडली होती.
एका माणसाला तीन रेशनकार्डं काढून द्यावीत, तशी.

पुण्याहून फोन यायचा: ट्रेनिंग संपलं ना? सह्या घेऊन टाका.
सह्यांचा कागद माझ्या डब्याखाली,
त्यावर आमटीचा एक गोल उमटलेला.
आणि कपाटात लाल बाडाची वही चालूच होती,
चोरून, दुपारी तीनच्या चहाला.
मला दिसली. मी काही बोलले नाही.
तिच्यातली शिल्लक बरोबर होती.

मग स्टूल घेऊन बसले. अकरा दिवस.
सोमवारीसुद्धा, शेड बंद, पंखा बंद,
चाचा बोलायचे, मी भरायचे.
रॅक तीन, खालचा कप्पा, गास्केट. उंदीर लागतो, लिही.
लिहिलं.
हा फ्लँज वाकडा दिसतो, वाकडा नाही, तसाच बसतो, परत पाठवू नका. लिही.
लिहिलं.
शेऱ्याचा रकाना एवढा लांब लिहायला होता
हे तो बनवणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

सातव्या दिवशी, चष्मा पुसत,
"बेटी, हे सगळं ह्याच्यात गेलं,
की मग मी कशाला?"
माझ्याकडं चौसष्ट पानांची पुस्तिका होती.
पान उलटत राहिले, उगाच.

आरवाड्यांनाही उत्तर आलं असं नाही.
त्यांनी एवढंच सांगितलं, चाचांच्या मंजुरीशिवाय
एक वॉशरही दाराबाहेर जाणार नाही, असं बसवा त्यात.
बसवलं.
आता मालकांनी स्वतः माल मागितला तरी पडदा म्हणतो:
मुजावर यांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत.
आणि प्रतीक्षा असते. चाचा आधी चहा संपवतात.
पासवर्ड त्यांनी ठेवला शेडमधून गेलेल्या पहिल्या पंपाचा नंबर,
जो सगळ्या शेडला पाठ आहे.
बदला म्हटलं, तर म्हणाले, चोरी करायची तर माझ्यासमोर करतील.

मार्चअखेर मोजणी झाली.
अकराशे त्रेचाळीस वस्तू, संध्याकाळचे साडेसात,
सुनंदा आकडे वाचतेय, मी टिक करतेय.
जुळलं. जुळलं. जुळलं.
पितळी बुश: पडद्यावर शहाऐंशी, खोक्यात पंच्याऐंशी.
फरक एक.
दोनदा मोजले. रॅकखाली बॅटरी मारली.
सोडून द्या, आरवाडे म्हणाले, एका बुशानं काय होतंय.

चाचांनी कपाट उघडलं.
लाल वही. शेवटची नोंद नोव्हेंबरातली,
पुढची पानं कोरी, पंख्यानं फडफडू नयेत म्हणून
वर ठेवलेला बुश,
हाताळून हाताळून सोन्यासारखा झालेला.

मी हात पुढं केला, खोक्यात टाकायला.
त्यांनी दिला नाही.
"लिही," म्हणाले, "एक नग, वापरात."

एंटर दोनदा दाबावं लागलं.