बंबामागची खाट

अंगणात सायकल टेकवून विचारलं, एक रात्र?
ओस्वाल्दोनं पाकिटाकडे पाहिलंही नाही.
"बंबामागची खाट घे. रमोनची. तो रजेवर."
उशीला डिझेलचा वास.
पत्र्यावर पातागोनियाचा वारा
दातओठ खात होता.

दोनला घंटा.
बूट, हेल्मेटं, शिव्या,
आणि अख्खं अग्निशमन केंद्र
माझ्या भरवशावर टाकून सगळे गेले,
फोन वाजला तर काय म्हणायचं
तेही न सांगता.

पहाटे परतले. सोबत एर्मिंदाबाई,
एकाच पायात चप्पल, कुशीत कोंबडी.
तिनं खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी उठलो.
पांघरुणात माझी ऊब तशीच ठेवली.

"तूही फुकटातच?" तिनं विचारलं.
येर्बाच्या चहाला पाणी तापवणारा ओस्वाल्दो
हसायला गेला
नि त्याला धुराचा खोकला आला.