दहा लिटरमागे

आगाराच्या डिझेल पंपावर माझी एकोणीस वर्षं गेली
एका रकान्यात.
गाडी कोणती, चालक कोण, भरलं किती, धावली किती,
आणि शेवटी लाल पेनानं:
दहा लिटरमागे किलोमीटर.
पंचेचाळीसच्या खाली गेला की चालकाला चिठ्ठी.
चिठ्ठी मीच लिहायची,
चहा मात्र तोच पाजायचा.

पोळ्यानंतर परिपत्रक आलं. रकाना वाढवा. कार्बन.
एका लिटरचे पावणेतीन किलो.
मी थबकले.
लिटरभर डिझेल तराजूत किलोभरही भरत नाही,
मग हे पावणेतीन आले कुठून?
वर्कशॉपमधला शिकाऊ प्रज्योत म्हणाला,
"मॅडम, जळताना ते हवेकडून उसनं घेते."
परत कोण करते, ते त्याला विचारायचं राहून गेलं.

पुढचा हुकूम: दोन मिनिटांच्या वर थांबा, तर इंजिन बंद.
पुंजाराम किन्नाके हसला.
त्याच्या गाडीचा स्टार्टर दिवाळीपासून आजारी.
"बंद त करतो बाई, सुरू कोन करन?"
पण केलं त्यानं.
रस्त्यावरचा एकेक उतार पाठ केला.
टेंभुर्डोहला शाळेमागचा,
हिवरदऱ्यात समाजभवनासमोरचा.
बोदाडला उतारच नाही, तिथं
चंदूच्या पानठेल्यावरची चार पोरं.
उतारावर तोंड करून गाडी, चाकाखाली दगड.
निघताना वाहक निर्मला कोवे दगड काढायची
आणि दगडासकट पळत येऊन दांडी धरायची.
महिनाअखेर त्याचा आकडा बावन्न.
तो मी निळ्यानं लिहिला.

मग विजेच्या दोन गाड्या आल्या.
हार, नारळ, साहेबांचं भाषण.
गाड्या इतक्या मुक्या की
टेंभुर्डोहची वच्छला फाट्यावर असून चुकली.
घरघर ऐकू आली की चूल विझवायची, ही तिची घड्याळ.
"मांजरावानी आली अन् गेली नं माय!"

ह्या गाड्यांना झोपायला आगारच लागतं,
चार्जिंगची केबल तिथंच.
म्हणून हिवरदऱ्याची मुक्कामी गाडी बंद.
रोजचं बावीस लिटर वाचलं,
साठ किलो कार्बन.
माझा रकाना इतका देखणा कधीच नव्हता.

बहिणीकडच्या बारशाला हिवरदऱ्याला गेले.
सोमवारी पहाटे पाचला,
जिथं मुक्कामी गाडी काचेवरचं दव पुसत उभी असायची,
तिथं उभी राहून मोजलं. हाताला सवय.
सतरा दुचाक्या.
आयटीआयची पोरं, दुधाचे कॅन,
दवाखान्यात निघालेली एक बाई, दोघांच्या मधे धरलेली.
एक काळीपिवळी, आत आणि टपावर मिळून एकवीस.
तिचा धूर मात्र नुसता काळा.
तो माझ्या वहीत येत नव्हता.
आमचा नव्हता ना.

परत येऊन पट्टीनं एक रेघ ओढली.
नाव सुचेना. तसंच लिहिलं:
हिवरदरा, पहाटे पाच. सतरा दुचाक्या, एक काळीपिवळी.
साहेब म्हणाले, हा रकाना कोणी सांगितला?
म्हटलं, उसनवारीचा आहे.
त्यांनी सही केली नाही.
खोडलंही नाही.

पुंजाराम आता विजेची गाडी चालवतो.
पहिल्या दिवशी खिडकीशी येऊन उभा राहिला.
"हिले उतार लागत नाही, बाई."
"मग?"
"मंग ह्या दगडाचं काय करू?"
ठेव म्हटलं इथं.
पंख्यानं पान उलटू नये म्हणून
तो त्याच रकान्यावर ठेवलाय.

प्रज्योतनं एक अर्ज लिहून आणलाय.
हिवरदऱ्यात ओलितासाठी रात्री दोन ते सहा
थ्री फेज असते.
तेवढ्यात गाडी अर्धी भरते, म्हणतो,
आणि अर्धी पुरते
आगारापर्यंत.
अर्ज दगडाखाली आहे.
साहेब जेवून आले की
दगड उचलीन.