गोळी खंय लागली?

बांगड्यांची पाटी डोक्यावरून उतरवत
जयवंतीकाकीनं विचारलं,
"गोळी खंय लागली रे तुका?"
आणि शर्टाखालून दिसणाऱ्या
कमरेच्या पट्ट्याकडे बघत राहिली.

निवतीच्या बंदरावर सकाळी सातला
एवढ्या माणसांत काय सांगायचं.

जुबाच्या अलीकडे, तंबूंच्या मागे,
पाण्याच्या टँकरला शिडी होती, सात पायऱ्यांची.
पहाटे साडेचारला झाकण लावायला चढलो
आणि सहाव्या पायरीवर बूट सुटला.
पाणी सांडलेलं. एवढंच.
खाली तांबडी, उन्हानं भाजलेली जमीन,
थेट आपल्या सड्यासारखी.
पाठ टेकली तेव्हा क्षणभर वाटलं
म्हापणच्या वाटेवरच पडलोय,
आता कुणीतरी गुरं घेऊन येईल
आणि म्हणेल, ऊठ रे, वाट सोड.

मग उठता येईना.

गोळी म्हणशील तर होती. दर सोमवारी.
रांगेत उभं राहून गिळायची,
तोंड उघडून, जीभ वर करून
नर्सिंग असिस्टंटला दाखवायची.
तिनं स्वप्नं पडत,
विहिरीत माणसं, माणसांच्या तोंडात विहिरी.
खानापूरचा हणबर ती गालात धरून ठेवायचा
आणि तंबूमागे जाऊन थुंकायचा.
मला माहीत होतं.
मी कुणाला सांगितलं नाही,
आम्ही एका ताटात जेवायचो.
पावसाळ्यात त्याला ताप चढला.
चौथ्या रात्री तो माझा हात धरून
कानडीत त्याच्या आईशी बोलत होता
आणि मी मराठीत हो हो म्हणत होतो.
हेलिकॉप्टर सकाळी आलं. उशिरा.
वर्षभरात आमच्या कंपनीनं
एकही गोळी झाडली नव्हती.
हणबरला गोळी लागली नाही, काकी.
लागू पडायला ती पोटात जावी लागते.

पुण्याच्या इस्पितळात फॉर्म भरला.
शत्रूच्या कारवाईत? याच्यापुढे
कारकुनानं न विचारताच नाही लिहिलं.
दुखापत कशी झाली, याला एक ओळ.
शिडी तेवढ्यात मावली.

शाळेजवळच्या दगडावर अजून वाचता येतं,
या गावातून महायुद्धास गेले एकवीस,
पैकी प्राण दिले सहा.
त्या सहांत आमचा खापरपणजा.
पंधरा ऑगस्टला गुरुजी दरवर्षी
त्याला तोफेच्या तोंडी देतात.
घरी ट्रंकेत कागद आहे, वाळवीनं कडा खाल्लेला.
बसरा. इस्पितळ. हगवण.
मी सातवीत असताना सापडला तेव्हा
बाबा म्हणाले, वाच, पण मोठ्यानं नको.

काकी अजून थांबलेली.
बर्फ वितळून पाटीतून
तिच्या पावलांवर ठिबकत होता.
"शिडयेवरसून पडलंय," मी म्हटलं. "पाण्याच्या टाकयेच्या."

लिलावातलं कुणीतरी हसलं.
काकी नाही हसली.
"माझो घोव चाळीस वर्सां दर्यात गेलो," ती म्हणाली,
"मेलो खंय? न्हाणयेत. साबणार घसरान."

मग पाटी परत डोक्यावर चढवायला
तिनं सवयीनं मला खूण केली.
मी वाकलो,
अर्धा,
आणि तिथंच अडकलो.
तिनं गुणाजीच्या पोराला हाक मारली.
तो येईपर्यंत माझं कोपर धरून उभी राहिली,
खवल्यांनी भरलेल्या हातानं,
पुढं काही न विचारता.

हणबरचं नाव माझ्या गालात तसंच होतं.