बत्तीस घरं

हर्णैत, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी डिस्क जोडली. सोळा टेराबाइट.
यंत्र म्हणालं, दोनच.

ब्लॉकचा नंबर लिहायला कुणीतरी
बत्तीस घरं आखलेली, कधीकाळी.
तेव्हा तीही उधळपट्टी वाटली असतील.

खाली साजिदा मुकादमचा शिक्का
क्रेटच्या पावत्यांवर खटखटतो. चार चाकं.
मोसमात केव्हातरी ९९९९ उलटतात,
००००,
आणि चोगल्यांची सुरमई पावशांच्या खात्यात.
मग बंदरभर भांडण.
ती पेनानेच पुढे एक आकडा ओढते.

मीही घरं चौसष्ट केली.
आता जुन्या कोडमधून हिंडतोय,
बत्तीसवालं कुठे लपून राहिलंय का बघत.
एक जरी सुटलं
तर शेवटचं पान पहिल्यावर लिहिलं जाईल
मुकाट.
भांडायलाही कुणी येणार नाही.