बारावा माणूस

तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता, ह्याच खुर्चीत,
जिचा एक पाय आखूड आहे.
आधीच सांगते मी सगळ्यांना, त्यालाही सांगितलं.
असू दे, म्हणाला, डोलायची सवय आहे.
रुबार्बच्या केकचे दोन तुकडे खाल्ले,
माझ्या खुब्याच्या ऑपरेशनची चौकशी केली
आणि डावा की उजवा हे लक्षात ठेवून
महिन्याभरानं पुन्हा विचारलं.
देशाचा अध्यक्ष व्हायचं होतं त्याला.
आणि मी, मार्लिस टियाडेन,
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
त्याला म्हणत होते, अजून माझं ठरलं नाही.

ठरलं होतं.
पण आयोवात कुणी इतक्या लवकर सांगत नाही.
सांगितलं की फोन थांबतात,
आणि अंगणातलं बर्फ उपसणारी पोरं
शेजारच्या अंगणात जातात.

टोबिन ऑक्टोबरपासून माझ्या तळघरात.
ॲरिझोनाचा पोरगा, बर्फात कापडी बूट.
त्याच्या लॅपटॉपवर आख्खं गाव होतं, एक ते पाच आकड्यांत.
एक म्हणजे आपला,
पाच म्हणजे तोंडावर दार आपटणारा.
मी चोरून पाहिलं. मी दोन होते.
रोज जेवायला घालूनही दोन!
इथं जिंकलो की बातमी, बातमीतून पैसा,
पैशातून पुढचं राज्य,
जिना चढल्यासारखं सांगायचा तो.
आणि हरलो तर?
तो बुटाची नाडी बांधत बसला.

शितावरून भाताची परीक्षा.
ठीक आहे. पण शिताला कधी कुणी विचारलंय,
बाई गं, सगळ्या पातेल्याचा भार पेलतो का तुला?
आमचं गाव सहाशे बारा वस्तीचं,
दोन चर्च, धान्याचं एक उंच कोठार,
आणि आम्ही बहुतेक एकाच रंगाचे, एकाच खोकल्याचे.
कोणत्या भाताचं शीत आम्ही?

फेब्रुवारीतला सोमवार. शाळेचं जिम.
बास्केटबॉलच्या रिंगखाली आमचा कोपरा.
माणसं आली एकोणऐंशी.
पंधरा टक्के हवेत, नाहीतर कोपरा मोडायचा.
म्हणजे बारा.
आम्ही अकरा.
टोबिननं परत मोजलं, प्रत्येकाकडे बोट करून,
सहलीहून निघताना मी बसमध्ये मुलं मोजायचे तसं.
अकराच.
बारावा व्हर्लिन श्रोडर, यादीतला पक्का एक,
त्याची गाय नेमकी त्या संध्याकाळी अडली.
वासरू आडवं आलेलं.
फोन वाजत राहिला.
हात कोपरापर्यंत आत असताना कोण उचलतो?

पलीकडच्या कोपऱ्यांतून हाका आल्या,
या, या, इकडे बिस्किटं आहेत.
सात जण गेले. तिघं घरी.
मी जरा वेळ रिंगखालीच उभी राहिले.
खुबा दुखत होता. डावा.

बुधवारी त्यानं माघार घेतली.
मागे झेंडे, बायको, दोन मुली. आवाज नीट होता.
टोबिन तोवर न्यू हॅम्पशायरला पोचलेला.
तिथून फोन केला, रडला नाही,
म्हणाला, माझे मोजे तुमच्या ड्रायरमध्ये राहिलेत.

जूनमध्ये मोंटानातून माझ्या बहिणीचा फोन, आर्डिथचा.
तिच्या राज्याची पाळी अगदी शेवटी,
पंगत उठून गेल्यावर पानं वाढतात तशी.
म्हणाली, त्याचं नाव अजून छापलंय गं मतपत्रिकेवर.
तुम्ही घालवलंत, त्याचं.
मी म्हटलं, आम्ही नाही, गाय.
ती हसली नाही.
वासरू जगलं का, विचारलं.
जगलं. कालवड आहे.
बरं झालं, म्हणाली. मी त्यालाच दिलं मत.
फुकट गेलं की, आर्डिथ.
पलीकडे बराच वेळ नुसता तिच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाली,
मला धरून किती होतात गं?