ठिकरी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं :
रोज अर्धा तास चालणे.
गोळ्यांच्या नावांखाली, त्याच निळ्या शाईत,
जणू तेही मेडिकलात मिळतं.

मी शहापूरहून बूट आणले, अठराशेचे.
चार दिवस पहाटे मैदानाला फेऱ्या मारल्या
घाण्याच्या बैलासारख्या. बैलाचं निदान तेल तरी निघतं.
पाचव्या दिवशी गुडघा बोलला,
सहाव्या दिवशी मी : थंडी लई हाय बे.
बूट परत खोक्यात.

आमचे बाबा वडगावात खड्ड्यातल्या मागावर बसायचे,
कमरेपर्यंत जमिनीत,
पाय उजाडल्यापासून पावड्यांवर.
खट्याक् खट, खट्याक् खट.
त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही.
त्याला लुगडं म्हणत.

माझे पाय खडेबाजारात, टेबलाखाली,
नऊ तास घडी घातलेले.
गिऱ्हाईक आलं की कापडाचं ठाणसुद्धा उलगडतं.
हे नाही.

सोमवारी लाईट गेली.
कावेरीनं गल्लीत कोळशानं आठ घरं आखली.
समोरच्या चन्नव्वाची नात तापानं झोपलेली,
म्हणून गडी कमी.
"पप्पा, या की."
"मी?"
"मग काय भिंतीला बोलवू?"

लुंगी खोचली. कौलाची ठिकरी टाकली.
एका पायावर
ओंदू,
एरडू,
तीन,
नाल्कू…
कावेरी मोजते कन्नडात, मधेच एक आकडा मराठीत घसरतो.
माझा पाय रेषेवर.
"औट!"

चन्नव्वानं घागर खाली ठेवली, पोटभर हसली,
आमच्यात ह्याला कुंटेबिल्ले म्हणतात, म्हणाली,
आणि पदर खोचून, कुणाला न विचारता,
सातव्या घरापर्यंत गेली.
पंचावन्नाची बाई. जोडवी वाजवत.
भरमाण्णा सायकल धरून उभाच,
घरांवरून चाक नेईना.

आठ दिवस झाले. मी चौथ्या घरात अडकलोय.
गुण कावेरी डॉक्टरांच्या चिठ्ठीमागं लिहिते :
तिचे चोवीस, चन्नव्वाचे एकोणीस,
माझे राहू देत.
साखर किती उतरली ते पुढच्या महिन्यात कळेल,
नसेलही उतरली.

खरं काल बिलं करताना
मालकाचा पोरगा वाकून टेबलाखाली बघूलागला,
"काय करूलालासा ओ? टेबल हलूलालंय."
बघतो तर
पाय.
उजवा वर, डावा खाली,
डावा वर