वरचा रुपया

नौपाड्यातल्या त्या सेंटरच्या भिंतीवर पाटी होती:
येथे मुलगा की मुलगी हे सांगितले जात नाही.
बाकी सगळं सांगितलं.

डॉ. शिरवईकरांनी कागदाच्या पाठीवर बॉलपेनने
जोड्या काढल्या, वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या,
आणि एकविसाव्या जोडीपाशी थांबून
तिसरी रेघ ओढली. हलकेच, माफी मागावी तशी.
"चोवीस आठवड्यांपर्यंत निर्णय तुमचा," म्हणाल्या.
आज वीस आणि दोन दिवस.

मला समजावून सांगायची गरज नव्हती.
खारीगावात आमच्या घरी ती तिसरी रेघ
चौतीस वर्षं माझ्या ताटातला पापड उचलते आहे.

सुयोग. माझा भाऊ.
कोपरीच्या एका कार्यशाळेत आहेराच्या पाकिटांवर
रुपया चिकटवतो. दिवसाला दोनशे.
डिंक जास्त लागला तर स्वतःवरच रागावतो.
पन्नासावर एक, शंभरावर एक,
वरचा एक नसेल तर आहेर पुरा होत नाही
हे त्याला कुणीतरी शिकवलंय
आणि तो सगळ्यांना शिकवतो, रिक्षावाल्यालासुद्धा.

परागने रात्री लॅपटॉपवर तक्ता केला.
हृदयाचं ऑपरेशन, बोलायला शिकवणाऱ्या बाईंची फी,
घोडबंदर रोडवरची शाळा, तिची बस.
खाली बेरीज. बेरजेखाली काहीच नाही.
मग लॅपटॉप मिटून म्हणाला, तू म्हणशील ते.
त्या तीन शब्दांत मला एकटीला ठेवून
तो दात घासायला गेला.
पहाटे आतून टिचकी बसली,
कॅरमची सोंगटी सरकवावी तशी.
आता खेळी माझी होती.

आई बिरड्याचे वाल सोलत होती.
विचारलं, तू काय केलं असतंस?
"मला कुणी विचारलं नव्हतं गं.
विचारलं असतं तर काय म्हणाले असते, देवाशप्पथ ठाऊक नाही.
त्याच्याकडे बघून सांगू तर खोटं होईल.
न बघता सांगू तर पाप."
सालं एका वाटीत, दाणे दुसऱ्या.
बराच वेळ. मग:
"माझ्यामागे तो तुझ्याकडे.
तुझ्यामागे तुझं कुणाकडे?"
त्याच्या पाठीला आणखी एक प्रश्न होता.
तो तिने विचारला नाही,
मीही पलटून पाहिला नाही.

सही केली. मराठीत, पूर्ण नाव,
आधी चुकून माहेरचं आडनाव, मग खोडून.

एक म्हणाली, बरं केलंस, सुटलीस.
एक म्हणाली, कसं जमलं गं तुला, घरात तो असताना?
दोघींनाही मी चहा दिला.

मी त्याला नको म्हटलेलं नाही.
हे वाक्य मी कळव्याच्या पुलावर थांबून,
खाडीच्या वासात, मोठ्याने म्हणून पाहिलं.
व्याकरण बरोबर होतं.

भाऊबीजेला ओवाळलं.
सुयोगने तबकात पाकीट टाकलं,
स्वतःच्या पगारातलं, स्वतःच्या हातचं.
मग माझ्या पोटाकडे बघून, "बाळ?"
"नाही आलं."
त्याने थोडा विचार केला.
"माझ्यासारखं उशिरा चालतंय," म्हणाला,
आणि टोपी सावरून दुसरा लाडू मागितला.

पन्नासची नोट मी खर्च केली. दूध, कोथिंबीर.
पाकीट कपाटात आहे, साड्यांखाली.
डिंक जास्तच लागलाय त्याच्याकडून.
नखाने काढायला गेलं तर कागद फाटतो,
रुपया सुटत नाही.